खालच्या कोपऱ्यातली माती

पेनीच्या मागच्या बाजूला लांब दांड्यांचा क्रूस होता आणि क्रुसामुळे पडलेल्या चार घरांत तीन-तीन ठिपके होते. तीन घरांतली माती निघून गेली होती. चौथ्या घरात मात्र ठिपक्यांच्या बेचक्यात मोहरीच्या दाण्याहून लहान असा एक कण घट्ट बसला होता. थेल्माने भिंग डोळ्याशी धरलं, नाणं उजेडाकडे थोडं तिरपं केलं आणि पाहिलं. कण पांढरट होता. ओटच्या पिठात चिमूटभर राख मिसळली तर होईल तसा.

खालच्या कोपऱ्यातली माती लाल असते. ओली असली की गंजलेल्या बिजागरीच्या रंगाची, वाळली की विटेच्या भुग्याची. इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या या बाजूला असंच आहे. उताराच्या तळाशी लोखंडाची लाल वाळू, वर टेकाडावर पांढरा खडू. मधे दोनशे पावलांचं अंतर आणि एक काटेरी तारेचं कुंपण.

"काय गं, एवढं काय बघतेस? राजानं डोळा मारला की काय?" रोलंडने थर्मासचं झाकण फिरवत विचारलं. गाडीच्या बॉनेटवर त्याने पाव-चीजची पुडी, लोणच्याची बाटली आणि दोन कप मांडले होते.

"छान आहे," थेल्मा म्हणाली.

"छान! सातशे वर्षांपूर्वीची चांदी हातात आहे आणि बाई म्हणतात छान. माझ्या सुनेच्या करपलेल्या केकलाही तू छानच म्हणाली होतीस."

"कुठे लागली म्हणालास?"

"सांगितलं ना. खालच्या कोपऱ्यात, ओकच्या अलीकडे पंधरा पावलं. चार इंच खोल."

"मग मला बोलावलं नाहीस ते?"

रोलंड कपात चहा ओतत होता. त्याने तो काठोकाठ भरला. मग म्हणाला, "मारली की हाक. वारा उलटा होता. तू वर कुंपणापाशी होतीस." आणि त्याने तिच्याकडे न बघता कप पुढे केला.

थेल्माने कप घेतला. वारा तिच्या डाव्या गालावर होता. सकाळपासून तो तिथेच होता.

रोलंड थर्टल आणि थेल्मा अटिंग अकरा वर्षं एकत्र, शेतांत पुरलेला धातू शोधणारा डिटेक्टर फिरवत होते. तो बस चालवून निवृत्त झालेला, ती साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून. दोघांचा मिळून एक नियम होता आणि तो रोलंडनेच घातला होता. यंत्र चांगलं वाजलं की दुसऱ्याला हाक मारायची. ज्याला आवाज मिळाला त्याने गवताची चौकोनी ढेप कापून बाजूला ठेवायची, आणि खड्ड्यातून वस्तू मात्र दुसऱ्याने उचलायची. रोलंडचा आधीचा जोडीदार खिशात वस्तू घालून गेला होता म्हणून हा नियम. "संशयाला जागाच नको," तो तेव्हा म्हणाला होता. अकरा वर्षांत काडतुसांची टोपणं, बिअरच्या कॅनच्या कड्या, घोड्याच्या साजाची बक्कलं, शिशाच्या गोळ्या असा ढीगभर माल निघाला. दहा-बारा चांदीची नाणीही निघाली. प्रत्येक बरी वस्तू एकाने कापलेल्या खड्ड्यातून दुसऱ्याच्या हाताने वर आली होती. ही पेनी पहिलीच, जी एकट्या रोलंडच्या हाताने आली.

तिने वही काढली. जागेचा नकाशावरचा आकडा त्याच्या यंत्रावरून उतरवला, आठ अंकी, खालच्या कोपऱ्याचा. तारीख, खोली, वजन. खाली दोघांच्या सह्या. सही करताना तिचा हात क्षणभर थांबला. मग तिने केली.

वर टेकाडावर चॅपलचं शेत होतं. जुन्या चॅपलचे, म्हणजे छोट्या चर्चचे, पाये तिथे गवताखाली आहेत. जागा संरक्षित आहे, आणि त्या तुकड्यावर डिटेक्टर नुसता चालवणंही गुन्हा. कुंपणाला पाटी आहे. जमिनीचे मालक लार्टर मागच्याच आठवड्यात म्हणाले होते की तिथे कोणीतरी खड्डे खणलेत. सहा-सात, कडा साफ कापलेल्या, माहीतगार हाताचे. पोलिसांना कळवलंय. "माणूस ओळखीचा निघाला तर माझ्या शेतात पुन्हा कोणाचंच यंत्र वाजणार नाही," असंही ते म्हणाले होते. बोलताना त्यांनी दोघांपैकी कोणाकडेच पाहिलं नव्हतं.

*

घरी आल्यावर थेल्माने पेनी कागदावर ठेवली. सापडलेली वस्तू आठवडाभर तिच्याकडे असायची. साफ न करता फोटो काढायचा, वजन करायचं, ही कामं तिची. लाकडी काडीच्या टोकाने तिने तो कण सोडवला आणि काचेच्या बशीत घेतला. त्यावर व्हिनेगरचा एक थेंब सोडला.

कण फसफसला. बारीक बुडबुड्यांची माळ वर आली, थेंबाच्या कडेला जाऊन फुटली आणि थांबली. अकरा सेकंद.

म्हणजे चुना. चुना म्हणजे खडू. आणि खालच्या कोपऱ्यात खडू नाही. आठ वर्षांपूर्वी तिने स्वतः त्या मातीचा नमुना तपासला होता. वहीत पीएचचा आकडा होता, पाच पूर्णांक चार. इतकी आम्लधर्मी माती की तिथल्या तांब्याच्या नाण्यांचे चेहरे खाऊन टाकते. अशा मातीत खडूचा कण टिकेल कसा?

तिने बशी धुतली. मग ज्या ड्रॉवरमध्ये चमचे होते त्याच्या खालचा ड्रॉवर उघडला. टेबलक्लॉथच्या घडीखाली खोकल्याच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा होता. तो तिने उघडला नाही. फक्त आहे हे पाहिलं.

डब्यात सोन्याचं एक कडं होतं, अंगठ्याच्या नखाएवढं, मधून आडवी टाचणी गेलेली. कोण्या बाईने झग्याचा गळा बांधायला वापरलेली पिन. अकरा वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरमध्ये, बारा तारखेला, थेल्माला ती मिळाली होती. छंदाचा पहिलाच महिना. रोलंड फ्लूने घरी पडलेला. वरचं कुंपण त्या वर्षी मोडून आडवं झालं होतं, आणि कानाला हेडफोन, नजर खाली, अशी ती चालत राहिली. सोनं हातात आल्यावर तिने मान वर केली तेव्हा मोडका खांब तिच्या मागे होता. आठ पावलं मागे.

सोनं चौदा दिवसांत कळवायचं असतं आणि कळवताना जागा सांगायची असते. खोटा आकडा तिच्याच्याने लिहवेना. एकोणतीस वर्षं प्रयोगशाळेत काढली, एक आकडा कधी खोटा लिहिला नव्हता. खरा लिहायची हिंमत होईना. पंधरावा दिवस उजाडला तेव्हा तिने डबा टेबलक्लॉथखाली ठेवला. दर वर्षी ती ठरवायची की या शरदात सांगायचं. दर वर्षी त्यात एक वर्ष जास्त झालेलं असायचं.

आता रोलंड जर वर खणत असेल आणि पकडला गेला, तर पोलीस त्याच्या घरी जातील, मग जोडीदाराच्या घरी येतील. वहीतल्या सगळ्या नोंदी तपासतील. ड्रॉवर उघडतील. लार्टरांचं शेत बंद होईल, नाव जाईल, आणि शनिवारी ज्याच्याबरोबर चहा प्यायचा तो एकमेव माणूसही जाईल. ड्रॉवर बंद करताना तिला वाटलं, खरं तर रोलंडवर आपल्याला एवढा संशय येतो कसा? तो तर नियम घालणारा. मग तिचं तिलाच कळलं. हे कसं करतात ते आपल्याला माहीत आहे म्हणून.

*

बार्ली कापून झाली की गव्हाच्या पेरणीपर्यंत पाच आठवडे शेत मोकळं असतं. एरवी थेल्मा ते पाच आठवडे जिवापाड जपायची. या वर्षी ती यंत्र फिरवत होती आणि लक्ष रोलंडकडे ठेवून होती.

पुढच्या शनिवारी ती ठरल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी पोचली. रोलंडची गाडी आधीच उभी होती. तो डिकीवर बसून बूट पुसत होता. बुटांच्या खाचांत पांढरी माती होती.

"लवकर आलास."

"झोप येत नाही. म्हातारा झालो. तू का लवकर?"

"सहज."

"तू आणि सहज!" तो हसला, पण हसणं लगेच आटोपलं. "काय गं, बुधवारी इकडे आली होतीस का?"

थेल्माच्या हातातली हेडफोनची तार थांबली. "नाही. का?"

"काही नाही. तुझ्यासारखी गाडी दिसली रस्त्यावर."

ती बुधवारी दिवसभर दातांच्या डॉक्टरकडे होती. पण मुद्दा तो नव्हता. बुधवारी रोलंड इथे काय करत होता? आणि मी येते-जाते याची चौकशी त्याला कशासाठी हवी? ज्याला वर जायचं असतं त्यालाच खाली कोण आहे ते माहीत असावं लागतं.

रोलंड खुणेची लोखंडी खुंटी आणायला गाडीकडे परत गेला तेवढ्यात तिने त्याची कुदळ पाहिली. छोट्या दांड्याची, धारेला दातेरी. खिशातल्या पट्टीने तिने पात्याची रुंदी मोजली. अकरा सेंटीमीटर. तिच्या कुदळीचीही अकराच होती. दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतल्या होत्या.

सोमवारी दुपारी ती एकटी चॅपलच्या शेताकडे गेली. रस्त्याच्या कडेने चालत, पायवाटेवरून, हातात यंत्र न घेता, कोणी विचारलं तर फिरायला आले म्हणता यावं अशी. कुंपणाच्या बाहेरून सगळ्यात जवळचा खड्डा हाताच्या अंतरावर होता. तिने तारेतून पट्टी आत घातली. कापलेल्या गवताची कड अकरा सेंटीमीटर.

ती बराच वेळ तिथे उभी राहिली. मग तिची नजर खड्ड्यावरून सरकली आणि नेहमीच्या जागी गेली. नवा खांब जिथे आहे तिथून आत आठ पावलं. तिथे आता काहीच नव्हतं, नुसतं गवत, एक काटेरी झुडूप. तिला ते पाठ होतं तरी ती बघत राहिली.

परत वळली तेव्हा खालच्या रस्त्यावर एक गाडी वळणाआड जाताना दिसली. निळी. रोलंडची गाडी निळी होती. अर्ध्या जिल्ह्याच्या गाड्या निळ्या आहेत, असं तिने स्वतःला बजावलं. पण त्या दिवशी पहिल्यांदाच तिला वाटलं की पाळत फक्त एकाच बाजूने नाही.

शनिवारी तिने सरळच विचारायचं ठरवलं आणि निम्म्यावर सोडलं.

"रोलंड, वरचे खड्डे कोणी खणले असतील?"

तो सँडविच चावत होता. चावणं थांबलं. "चोरांनी. दुसरं कोण?"

"माहीतगार हात आहे म्हणतात."

"माहीतगार तर आपण दोघंही आहोत." त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि नजरेत थट्टा नव्हती. "थेल्मा, एक सांगू? माणसाच्या हातून एखाद वेळी होतं काहीतरी. झालं तरी जग बुडत नाही. बोललं की हलकं वाटतं."

"कोणाच्या हातून?"

"कोणाच्याही. मी आपलं सर्वसाधारण बोललो." त्याने लोणच्याची बाटली घट्ट बंद केली. "तू चीज आणलंस ते अगदीच साबणासारखं आहे हां. पुढच्या वेळी मी आणेन."

हा कबुली देतोय, थेल्माला वाटलं. आडून, सर्वसाधारण म्हणून, पण कबुलीच. त्याला वाटतंय मी विचारावं, म्हणजे त्याला सांगता येईल. आणि मी विचारलं तर मला माहीत होईल, मग मला गप्प बसता येणार नाही. एका बाबतीत अकरा वर्षं गप्प बसले. दुसऱ्या बाबतीत कसं जमणार? तिने चहाचा तळ गवतावर ओतला आणि काही विचारलं नाही.

*

मंगळवारी ती लार्टरांच्या घरी गेली.

लार्टर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. स्वयंपाकघरातल्या लांब टेबलाच्या एका टोकाला बियाण्यांच्या याद्या, दुसऱ्या टोकाला डुकराची थंड तंगडी आणि मोहरीची बाटली, आणि मधे म्हातारी कुत्री चढून बसलेली. तिला कोणी उतरवत नसे.

"ये, बस. गुडघा काय म्हणतो?"

"बरा आहे. मिस्टर लार्टर, वरच्या खड्ड्यांबद्दल बोलायचं होतं."

"तेच ना. मीही तुला फोन करणार होतो. पण तू बोल आधी."

थेल्माने हात मांडीवर ठेवले. वाक्य तिने गाडीत तयार केलं होतं. "रोलंडला लागलेली पेनी तुम्ही पाहिलीत. ती खालच्या कोपऱ्यातली नाही असं मला वाटतं."

बोलून झालं. कुत्रीने मान वर केली आणि पुन्हा खाली ठेवली.

"कशावरून?" लार्टरांनी विचारलं.

"मातीवरून. नाण्यावर चुन्याचा कण होता. मी तपासला. खालची जमीन आंबट आहे, तिथे चुना नसतो. इथे चुना फक्त वर आहे."

लार्टरांनी मांस कापायचं थांबवलं. मग सुरी खाली ठेवून म्हणाले, "कारखान्यात किती वर्षं होतीस तू?"

"एकोणतीस."

"साखरेसाठी बिटाचा रस साफ केला की मागे जो चुना उरतो, शेतकऱ्यांना विकतात तो, तो तपासायचं काम कोणाकडे होतं?"

"माझ्याकडे," ती म्हणाली, आणि म्हणतानाच तिला कळलं.

"गेल्या हिवाळ्यात चार ट्रक आले. तू तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशनने घरी होतीस. ढीग टाकला कुठे? ट्रक वळायला जागा फक्त खालच्या कोपऱ्यात. ओकच्या अलीकडे. मार्चमध्ये पसरला, नांगरला, पण ढिगाचा तळ कधी पुरता निघतो का? आजही कोपऱ्यात बूट घाल, पांढरा होऊन येतो."

थेल्माला आठवलं. बूट. खाचांतली पांढरी माती. या वर्षी गुडघ्यामुळे उतार तिने रोलंडवर सोडला होता आणि स्वतः एकदाही खालच्या कोपऱ्यात गेली नव्हती. दोनशे पावलांवरचा मातीचा नमुना घेऊन त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकायला पाच मिनिटं लागली असती. शिकाऊ मुलीने हे केलं नसतं तर थेल्माने तिला पहिल्या आठवड्यात घरी पाठवलं असतं. ती आठ वर्षांपूर्वीच्या आकड्यावर विसंबून राहिली. नवा नमुना घ्यायचं सुचलं नाही असं नव्हतं. सुचलं होतं. घ्यावासा वाटला नव्हता.

"आणि चोर म्हणशील तर रविवारी सापडले," लार्टर पुढे म्हणाले. "दोघं जण, व्हॅन घेऊन आलेले, पार दुसऱ्या जिल्ह्यातले. व्हॅनमध्ये यंत्रं, तुमच्यासारख्याच कुदळी, बादलीभर माल. वरचे खड्डे आमचेच म्हणून कबूल झाले. तेच सांगायला फोन करणार होतो."

"रोलंडला सांगितलंत?"

"सांगितलं की. खुर्चीतच बसला, पाणी मागितलं." त्यांनी मांसाचा एक तुकडा कापला आणि कुत्रीला दिला. "हे तुला सांगू नये असं मला त्याने बजावलं आहे. पण मी म्हातारा आहे, बजावलेलं विसरतो. मागच्या आठवड्यात तो इथे आला होता. तू बसलीस तिथेच बसला, टोपी हातात घेऊन. म्हणाला, वरच्या खड्ड्यांचं काही निघालं तर माझं नाव सांगा. थेल्माचं शेत काढून घेऊ नका, तिला दुसरं काही नाही."

थेल्माने टेबलाची कड धरली.

"मी विचारलं, तू खणलेस? म्हणाला, नाही. म्हटलं, मग तिने? तर म्हणाला, ते मी तिला विचारलेलं नाही, विचारणारही नाही. मला एवढंच माहीत आहे की ती दर वर्षी त्या कुंपणापाशी जाते आणि आत एकाच जागेकडे बघत उभी राहते. पेनी लागली त्या दिवशीही तशीच उभी होती, म्हणून मी हाक मारली नाही."

बाहेर कोणीतरी ट्रॅक्टर चालू केला. लार्टरांनी कुत्रीच्या मानेवरून हात फिरवला.

"असो," लार्टर म्हणाले. "चोर सापडले. तुझा चुना सापडला. विषय मिटला. मिटला ना?"

त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. थेल्माला वाटलं, आता फक्त हो म्हणायचं आहे. हो म्हटलं की शेत आहे, शनिवार आहे, रोलंड आहे. खरोखरच सगळं मिटलेलं आहे, एका ड्रॉवरखेरीज. तिने मान हलवली, पण ती हो अशी हलली की नाही अशी, ते तिलाही सांगता आलं नसतं.

*

महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी शहरातल्या लायब्ररीत वस्तू नोंदवायचा दिवस असतो. रोलंडने गाडी काढली. सहा मैल तो बसच्या वेळापत्रकांबद्दल, नव्या ड्रायव्हरांच्या नालायकीबद्दल आणि सुनेच्या केकबद्दल बोलला. थेल्माच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीवर दोन्ही हात.

"रोलंड, पेनी मिळाली त्या दिवशी तू खरंच हाक मारली होतीस?"

"मारली होती. वारा उलटा होता."

"वारा पश्चिमेचा होता, आडवा. वहीत आहे."

"देवा! बाई वारासुद्धा लिहून ठेवतात." एक वळण गेलं. दुसरं गेलं. "नाही मारली," तो म्हणाला. "तू कामात होतीस असं वाटलं."

"मी लार्टरांकडे गेले होते. तुझ्याविरुद्ध बोलायला."

"माहीत आहे. लार्टरच्या पोटात काही राहतं का? ती कुत्रीसुद्धा त्याच्यापेक्षा गुपितं बरी सांभाळते." त्याने आरसा उगाचच सरळ केला. त्याच्या मानेवर लाली चढली होती. "अकरा वर्षं, थेल्मा. मला विचारायचं तरी होतंस."

"तूही मला विचारायचं होतंस."

"मी विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस," रोलंड म्हणाला. "तू खोटं बोलत नाहीस. म्हणून तर विचारलं नाही."

तिने पिशवी आणखी जवळ धरली. लायब्ररी आली. गाडी लावताना रोलंड म्हणाला, "आणि बाई, तुम्हाला तुमच्याच चुन्याने ठकवलं, हे मी डिटेक्टरवाल्यांच्या क्लबात सगळ्यांना सांगणार आहे. शिक्षा म्हणून."

नोंदणी करणारी इमोजेन पंचविशीची होती, कोपरापर्यंत बाह्या सारलेली. टेबलावर तराजू, फोटोची मोजपट्टी, लॅपटॉप. रांगेत पुढे एक म्हातारा कॅरमच्या सोंगटीएवढं बटण घेऊन हटून बसला होता की हे रोमन आहे. इमोजेनने त्याला प्रेमाने समजावलं की हे दुसऱ्या महायुद्धातल्या कोटाचं आहे. तो रागावून निघून गेला.

पेनी पाहून तिचा चेहरा उजळला. "किती छान! आणि साफ केलेली नाही, देव तुमचं भलं करो. जागा?"

थेल्माने वही उघडून आकडा वाचला. आठही अंक. या वेळी तिचा आवाज अडला नाही. परवाच खालच्या कोपऱ्यात जाऊन तिने नवा नमुना घेतला होता. ओकपासून पंधरा पावलांवरचा. तो फसफसला होता, बराच वेळ.

"नमुना घेतलात मातीचा? तुमच्यासारख्या नोंदी कोणी देत नाही, मिस अटिंग," इमोजेन वहीत बघून टाइप करता करता म्हणाली. "तुमचा आकडा असला की मला परत तपासावा लागत नाही. बरं, अजून काही?"

"नाही, एवढंच," रोलंड म्हणाला आणि टोपी डोक्यावर ठेवली.

थेल्मा उठली नाही. तिने पिशवीत हात घातला. खोकल्याच्या गोळ्यांचा डबा बाहेर काढून टेबलावर, मोजपट्टीच्या शेजारी, सरळ ठेवला. झाकणाला गंज चढला होता. ते उघडायला दोन्ही अंगठे लावावे लागले.

इमोजेनची बोटं थांबली. रोलंडने डब्यात पाहिलं, मग थेल्माकडे, आणि टोपी पुन्हा हातात घेऊन हळूच शेजारच्या खुर्चीत बसला.

"अजून एक आहे," थेल्मा म्हणाली. "चॅपलचं शेत, कुंपणाच्या आत आठ पावलं. अकरा वर्षांपूर्वी, बारा ऑक्टोबरला. रोलंड त्या दिवशी नव्हता, त्याला यातलं काही माहीत नाही. मी एकटीने काढलं आणि कोणाला सांगितलं नाही. जागेचा आकडा मला पाठ आहे. मी सांगते, तू लिहून घे."